कळ, अक्षर आणि आज्ञा

इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. ग्रंथ ओवीबद्ध, वळण आपल्या पुराणग्रंथांचे. पानावर उमटलेली अक्षरे मात्र रोमन. गोव्यात छापखाना येऊन तोवर साठ वर्षे लोटली होती. कागद होता, शाई होती, लिहिणारा होता, ऐकणारेही होते. नव्हते ते देवनागरीचे खिळे. भाषा कोणती हे ग्रंथकाराने ठरवले. पण तिने कोणत्या वेषात लोकांसमोर यावे, हे शिशाच्या तुकड्यांनी ठरवले.

संगणकाचा कळफलक, माउस यांसारख्या साधनांचा कारभार लेखी आज्ञांनी कसा चालवतात, या विषयाचा आरंभ ख्रिस्तपुराणापासून व्हावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. बोट जिथे पडते तिथे कोणते अक्षर उमटावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? धातू ओतणाऱ्याचा, यंत्र विकणाऱ्याचा, की लिहिणाऱ्याचा? हा अधिकार लिहिणाऱ्याच्या हाती येण्यास फार काळ लागला, आणि तो ज्या वाटेने आला ती वाट पडद्यावरील चित्रांतून नव्हे, तर आज्ञा लिहिण्याच्या एका साध्या ओळीतून गेली आहे. तिलाच कमांड लाइन म्हणतात. आपण तिला आज्ञा-ओळ म्हणू.

धातूचे राज्य

खिळे पाडणारा भेटला की लिपीला दार उघडते, हे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याने दाखवून दिले. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश तेथे निघाला, तेव्हा त्यात मोडीची अक्षरे होती. पण हे दार प्रत्येक लिपीसाठी, प्रत्येक आकारासाठी नव्याने उघडावे लागे.

टंकलेखन यंत्राने ही अडचण आणखी घट्ट केली. अमेरिकेतील मिलवॉकी येथील ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांचे सहकारी यांना १८६८ मध्ये पेटंट मिळाले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने हे यंत्र बाजारात आणले. त्यात कळ, तिला जोडलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाचे अक्षर ही एकाच देहाची तीन अंगे होती. कळ म्हणजेच अक्षर. जे टोकावर कोरले नाही, ते लिहिता येत नाही.

देवनागरीला या चौकटीत बसवताना केलेली काटकसर ज्यांनी मराठी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या त्यांना आठवत असेल. अर्धे अक्षर एका कळेवर, त्याला पूर्ण करणारा काना दुसऱ्या कळेवर. उकार-अनुस्वाराच्या कळा दाबल्या तर गाडा पुढे सरकत नसे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी उमटवायची आणि अक्षर मागून. आपण बोलतो ‘कि’. यंत्राला आधी ‘इ’ सांगायचा आणि मग ‘क’. हाताने उच्चाराचा क्रम सोडून धातूचा क्रम शिकावा, अशीच ती शिस्त होती.

कळेची अक्षरापासून फारकत

या राज्याला पहिला तडा तारायंत्राने दिला. फ्रान्समधील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पाच खुणांच्या संकेताचे पेटंट घेतले. पाच जागा, प्रत्येक जागी खूण आहे किंवा नाही. एकूण ३२ मेळ. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डोनाल्ड मरे यांनी या कल्पनेला टंकयंत्रासारखा कळफलक जोडला. आता कळ दाबली की तारेवरून अक्षर जात नव्हते, अक्षराचा क्रमांक जात होता. पलीकडच्या यंत्राने त्या क्रमांकाचे जे अक्षर मानले असेल ते तिकडे उमटे. कळ आणि अक्षर यांची फारकत झाली ती येथे, आणि पुढचा सगळा इतिहास या फारकतीच्या पोटी जन्मला.

१९६३ मध्ये टेलिटाइप कंपनीचे ‘मॉडेल ३३’ आले, आणि त्याच वर्षी १२८ संकेतांची अस्की ही संहिताही निघाली. हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापी. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभी केली, तेव्हा माणूस आणि संगणक यांच्यातील संवाद अशाच यंत्रावरून चाले. म्हणूनच युनिक्सच्या घराण्यात आजही लेखनाच्या जागेला ‘टीटीवाय’, म्हणजे टेलिटाइपचे संक्षिप्त नाव, आहे. यंत्रे केव्हाच भंगारात गेली, त्यांचे नाव मात्र आज्ञेत उरले.

कागदावर छापलेले पुसता येत नाही. मग चूक दुरुस्त कशी करायची? आरंभीच्या युनिक्समध्ये ‘#’ या चिन्हाचा अर्थ ‘मागचे अक्षर विसर’ असा होता आणि ‘@’ याचा अर्थ ‘सारी ओळ विसर’. मराठीत कल्पना करायची तर कागदावर ‘कमड#ळ’ असे दिसे आणि संगणकाला ‘कमळ’ असे समजे. ‘@’ चा हा अर्थ त्याआधीच्या मल्टिक्स या प्रणालीतून आलेला. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ई-पत्राच्या पत्त्यासाठी नेमके हेच चिन्ह निवडले, तेव्हा मल्टिक्स वापरणाऱ्यांची पंचाईत झाली: पत्ता लिहायला जावे तर लिहिलेली ओळच नाहीशी व्हावी!

युनिक्सने या पंचाइतीवर काढलेला उपाय आपल्या विषयाचे बीज आहे. ‘एसटीटीवाय’ नावाच्या छोट्या आज्ञेने वापरणारा सांगू लागला, ‘माझ्यासाठी पुसण्याची कळ ही नव्हे, ती.’ यंत्र उघडावे लागत नव्हते, कारागीर बोलवावा लागत नव्हता. एक ओळ लिहायची आणि कळेचा अर्थ पालटायचा. कळफलक प्रथमच लेखी शब्दाच्या ताब्यात येऊ लागला होता.

माउस आणि खिडक्या

डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस घडवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. माउसमुळे आज्ञा लिहिण्याची गरज उरणार नाही, असे अनेकांना वाटले. युनिक्सच्या घराण्यात मात्र उलटे घडले. माउसच आज्ञेच्या कक्षेत आला.

१९८४ मध्ये एमआयटी या संस्थेत बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो ही प्रणाली उभारली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये निघाली आणि तीच पुढे दशकानुदशके टिकली. एक्सच्या लेखी माउसची बटणे म्हणजे १, २, ३ हे क्रमांक. ‘एक्समॉडमॅप’ या आज्ञेने तो क्रम ३, २, १ असा लिहिला की माउस डावखुऱ्याचा झाला. उजव्या हाताच्या जगात डावखुऱ्यांना कात्रीपासून बाकापर्यंत सर्वत्र जुळवून घ्यावे लागते. येथे यंत्राने त्यांच्याशी जुळवून घेतले.

कळफलकासाठी खरी व्यवस्था १९९६ मध्ये आली. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीतील एरिक फॉर्च्युन यांनी मुख्यत्वे रचलेला ‘एक्सकेबी’ हा विस्तार त्या वर्षी एक्समध्ये समाविष्ट झाला. कोणत्या कळेने कोणते अक्षर, शिफ्टबरोबर कोणते, दुसऱ्या भाषेत कोणते, हे सर्व साध्या मजकुराच्या तक्त्यांत लिहून ठेवायचे, आणि ‘सेटएक्सकेबीमॅप’ या आज्ञेने हवा तो तक्ता लागू करायचा, अशी ती योजना. तक्ता कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो, नवा लिहून पाठवू शकतो. खिळे पाडणाऱ्याची जागा आता तक्ता लिहिणाऱ्याने घेतली.

देवनागरीचा तक्ता

या सुमारास भारतातही पायाभूत काम झाले होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला आणि १९८८ मध्ये त्याची सुधारणा केली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅक संस्थेत पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही संहिता प्रसिद्ध केली. आणि १९८८ च्या इस्कीच्या आधारे देवनागरीला त्याच वर्षी, १९९१ मध्ये, युनिकोड या जागतिक संहितेत स्थान मिळाले.

इनस्क्रिप्टने धातूची शिस्त मोडून उच्चाराचा क्रम परत आणला. आधी ‘क’, मग वेलांटी. ती दिसताना कुठे दिसावी हे संगणकाने पाहावे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या दूर वसलेल्या मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ब्राह्मीतून निघालेल्या भारतीय लिप्यांना इनस्क्रिप्टने एकच मांडणी दिली. त्यामुळे बडोद्यातील गुजराती शेजाऱ्याचा ‘क’, हैदराबादेतील तेलुगू शेजाऱ्याचा ‘क’ आणि बेळगावातील कन्नड शेजाऱ्याचा ‘क’ आपल्याच ‘क’ च्या कळेवर बसला आहे. लिपी बदलली तरी बोट हलत नाही.

मराठीची खरी कसोटी मात्र ‘ऱ’ या अक्षराशी होती. समुद्र तो ‘दर्या’ आणि डोंगरातल्या त्या ‘दऱ्या’. विद्वान तो ‘आचार्य’, आणि स्वयंपाक करणाऱ्याला हाक मारायची ती ‘आचाऱ्याला’. हा भेद हिंदीला लागत नाही. मराठीला त्यावाचून चालत नाही. ज्या यंत्रात हा आकार नव्हता, त्यात मराठी माणसाने दऱ्यांचा दर्या केला आणि वेळ मारून नेली. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ आणि ‘ऱ’ एकाच कळेवर आहेत, रोमन ‘जे’ ची ती कळ. ‘ऱ’ साठी तेवढी शिफ्ट दाबायची, मग हलन्त, मग ‘य’. एका कळेवरचे हे दुसरे अक्षर म्हणजे तक्त्यातील एका ओळीतला एक आकडा. पण त्या आकड्यावाचून मराठी अपुरी राहिली असती.

कळेचा प्रवास आणि साधनांची नावे

आता हाच ‘ऱ’ संगणकात कसा प्रवास करतो ते पाहू, म्हणजे आज्ञा नेमकी कुठे लागू होते हे कळेल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. आरंभीच्या काळात माउस कोणत्या जातीचा, तो कोणत्या पद्धतीने बोलतो, हे वापरणाऱ्याने एका फाइलीत लिहून द्यावे लागे, आणि एक शब्द चुकला तर पडद्यावर काहीच येत नसे. व्होय्तेख पाव्हलिक यांनी घडवलेली नवी व्यवस्था जानेवारी २००१ च्या २.४ आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या आवृत्त्यांतून रूढ झाली. तिच्यात प्रत्येक साधन ‘इव्हेंट’ या नावाची एक फाइल होऊन समोर येते आणि सर्व साधने एकाच पद्धतीने बोलतात.

‘जे’ ची कळ दाबली की लिनक्सला कळते फक्त ३६ हा आकडा. एक्समध्ये आठच्या खालचे क्रमांक वर्ज्य असल्याने त्यात आठ मिळवून ४४ होतात. ४४ क्रमांकाच्या कळेपुढे काय लिहिले आहे हे तक्त्यात पाहिले जाते. मराठी तक्ता असेल आणि शिफ्ट दाबलेली असेल तर तेथे युनिकोडचा २३५३ हा क्रमांक सापडतो, आणि पडद्यावर ‘ऱ’ उमटतो. या साखळीत कळेला अक्षर ठाऊक नाही आणि अक्षराला कळ ठाऊक नाही. दोघांची गाठ तक्त्यात पडते, आणि तक्ता आज्ञेच्या ताब्यात आहे.

साधनांशी नावाने बोलण्याची सोय ‘एक्सइनपुट’ या आज्ञेने दिली. मुळात एक्सची समजूत अशी होती की एका माणसापुढे एक कळफलक आणि एक माउस. पीटर हटरर यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या संशोधनातून अनेक दर्शक एकाच वेळी चालवणारी व्यवस्था सिद्ध झाली आणि २००९ मध्ये ती एक्समध्ये आली. ‘एक्सइनपुट’ ला यादी मागितली की जोडलेल्या प्रत्येक साधनाचे नाव आणि क्रमांक पुढे येतो. त्या क्रमांकाने एकट्या टचपॅडला स्वस्थ बसवता येते, म्हणजे लिहिताना तळहात लागून दर्शक भलतीकडे उडी मारत नाही. दोन माउसांपैकी एक डावखुऱ्या आजीसाठी आणि दुसरा नातवासाठी ठेवता येतो. ‘सेटएक्सकेबीमॅप’ लाही साधनाचा क्रमांक सांगता येतो. तेव्हा एक कळफलक मराठी आणि शेजारचा इंग्रजी अशी वाटणी करणे शक्य आहे.

वयोमानाने ज्यांचे बोट कळेवरून चटकन उचलत नाही, त्यांच्या मजकुरात एका ‘प’ चे चार ‘प’ होतात. अक्षराची पुनरावृत्ती किती वेळाने सुरू व्हावी आणि सेकंदाला किती व्हावी, हे ‘एक्ससेट’ या आज्ञेने दोन आकड्यांत सांगता येते. ती अजिबात बंदही करता येते. कंप पावणाऱ्या हातासाठी कळ काही क्षण दाबून धरल्यावरच ती मानायची, किंवा शिफ्ट आणि अक्षर एकामागून एक दाबू द्यायचे, अशी सोय एक्सकेबीत पहिल्यापासून आहे. हात थरथरतो म्हणून पत्रव्यवहार सोडलेल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ही तंत्रातील किरकोळ बाब नव्हे.

एक फजिती आणि तिचा धडा

मी स्वतः प्रथम मराठी तक्ता लावला तेव्हा उत्साहाच्या भरात केवळ मराठीच लावला. तक्ता लागला, देवनागरी उमटू लागली; आणि काही वेळाने इंग्रजीकडे परतावे म्हटले, तर आज्ञा लिहिता येईना. आज्ञा रोमन अक्षरांत लिहायची, आणि माझ्या कळफलकावर रोमन अक्षर उरलेच नव्हते. जे लिहावे ते संगणकाला अगम्य. अखेर वरच्या दिशेचा बाण कामी आला. त्या कळेला अक्षर नसल्याने ती बदलली नव्हती. तिने आधी लिहिलेली जुनी आज्ञा पुन्हा समोर आणली आणि सुटका झाली. जाणती माणसे दोन्ही तक्ते एकाच आज्ञेत लावतात आणि एका जोडकळीने ये-जा करतात, हे मला नंतर कळले.

या फजितीत मला रायतूरच्या छापखान्याची आठवण झाली. चारशे वर्षांनंतरही मराठी मागायची ती रोमन अक्षरांतच! अक्षर मुक्त झाले, पण आज्ञेची भाषा?

यालाही उत्तर आहे, आणि ते युनिक्सच्या मूळ घडणीतच दडलेले आहे. तेथे आज्ञा म्हणजे बहुधा एक फाइलच असते, आणि फाइलीचे नाव कोणत्याही लिपीत असू शकते. इंग्रजीकडे नेणारी आज्ञा एका छोट्या फाइलीत लिहून, तिला चालवण्याची परवानगी देऊन, आज्ञा जिथे शोधल्या जातात तिथे ती ‘परत’ या नावाने ठेवली. आता देवनागरीत ‘परत’ असे लिहून एंटर दाबले की संगणक परततो. इनस्क्रिप्टमध्ये ‘प’, ‘र’, ‘त’ ही तिन्ही अक्षरे उजव्या हाताच्या मधल्या ओळीतच आहेत. बोटे जागची फारशी हलत नाहीत. मराठी शब्दाने यंत्राला आज्ञा केली आणि यंत्राने ती पाळली, याचा त्या दिवशी झालेला आनंद सांगितल्यावाचून राहवत नाही.

तक्ता टिकला

एक्सचे दिवसही आता मावळतीला लागले आहेत. २००८ मध्ये क्रिस्तियन होग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या व्यवस्थेचा आरंभ केला. २०१६ च्या फेडोरा २५ मध्ये आणि २०२१ पासून उबुंटूत ती मूळ निवड म्हणून आली. तिच्यात साधनांचा ताबा पडदा रंगवणाऱ्या कार्यक्रमाकडे गेला आहे आणि ‘एक्सइनपुट’ची सत्ता तेथे चालत नाही, आज्ञा वेगळ्या दाराने द्याव्या लागतात. परंतु एक्सकेबीचे तक्ते वेलँडने तसेच उचलले. आज्ञेचे दार बदलले, तक्ता टिकला.

त्या तक्त्यांत आज मराठीसाठी इनस्क्रिप्टशिवाय आणखी एक मांडणी आहे. तिचे नाव ‘मार-कगप’. ‘कगप’ ही कन्नड गणक परिषद या संस्थेची आद्याक्षरे. कन्नडसाठी सिद्ध झालेली उच्चारानुसारी मांडणी मराठीला लागू केली गेली, आणि ज्याने नाव दिले त्याने ऋण लपवले नाही. सीमाभागातील भाषावादाने दोन्ही बाजूंच्या मनांवर जे ओरखडे काढले ते ठाऊक असणाऱ्यांनी क्षणभर थांबावे अशी ही नोंद आहे.

तेथेच मोडीचाही तक्ता आहे. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील कितीतरी जुन्या घरांत पणजोबांच्या हातचे मोडी कागद आजही दप्तरात बांधलेले आहेत. त्या लिपीसाठी कॅरींना धातूचे खिळे पाडून घ्यावे लागले होते. आज त्यासाठी ना ओतशाळा लागते, ना कारखाना. आज्ञेची एक ओळ पुरते. मात्र ती ओळ लिहिणारे आणि त्या दप्तरातील अक्षर ओळखणारे माणूस घरात असले पाहिजे. तक्ता त्याची वाट पाहत आहे.